हिरडीरोग आणि मुखातील जीवाणू

दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जीवाणू साचून हिरडीला सूज येणे आणि ती आटोक्यात न राहिल्यास दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजत जाणे, म्हणजे हिरडीरोग. पहिली अवस्था हिरडीदाह, पुढची परिदंतदाह, बोलीभाषेत पायोरिया. हिरडीदाह पूर्ण बरा होतो. परिदंतदाहात गेलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

माणसाच्या तोंडात जीवाणूंच्या 700 हून अधिक जाती आढळल्या आहेत. एकाच तोंडात त्या सगळ्या नसतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. 1683 मध्ये सूक्ष्मजीव पाहणारे डच निरीक्षक लेवेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यांना त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. तो थर म्हणजे प्लाक.

दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकॉकस आणि ॲक्टिनोमायसिस हे जीवाणू वस्ती करतात. ते ऑक्सिजन वापरत जातात, तसे थराच्या आत ऑक्सिजनविना जगणाऱ्यांना सोयीचे वातावरण तयार होते. लांबट आकाराचा फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम आधी आलेल्यांनाही चिकटतो आणि नंतर येणाऱ्यांनाही, म्हणून त्याला पूल म्हणणे योग्य ठरेल. ही वस्ती चिकट आवरणात राहते. नुसती चूळ भरून ती निघत नाही. लाळेतील क्षार बसून तिचेच कीटण होते. कीटण हे रोगाचे मूळ नव्हे, पण त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा प्लाक सहज बसतो.

प्लाक आणि सूज यांचे नाते 1965 मध्ये दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांनी दात घासणे थांबवले. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांना हिरडीदाह झाला. पुन्हा सफाई सुरू होताच साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. रोगात ती खोल होऊन खिसा बनते आणि ब्रश तिथवर पोहोचत नाही. अशा खोल खिशांत पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे त्रिकूट वारंवार सापडते. संशोधक सॉक्रान्स्की यांनी 1998 मध्ये त्याला ‘लाल गट’ असे नाव दिले. यातला पॉर्फिरोमोनस विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्याची संख्या फार नसते, पण त्याची विकरे शरीराच्या संरक्षक प्रथिनांचे तुकडे करतात; त्यामुळे पांढऱ्या पेशी सूज वाढवत राहतात आणि जीवाणू मात्र नीट मारले जात नाहीत. जंतुविरहित उंदरांत तो एकटा सोडला असता हाड झिजले नाही. इतर जीवाणू सोबत असतानाच झिजले. रोग एका जंतूचा नसून बिघडलेल्या वस्तीचा आहे, हे यातून पटते.

शिवाय हाड जीवाणू थेट खात नाहीत. सततच्या दाहातील रासायनिक संदेशांमुळे शरीराच्याच हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. सुजलेल्या हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवात प्रथिने आणि रक्तातले लोह असते, आणि नेमके तेच या जीवाणूंचे खाद्य आहे. जीवाणू सूज वाढवतात, सूज त्यांना पोसते.

तरीही सगळ्यांचे नुकसान सारखे होत नाही. श्रीलंकेतील चहामळ्यांत दातांची निगा न राखणाऱ्या 480 पुरुष कामगारांचा 1970 पासून पंधरा वर्षे अभ्यास झाला. सुमारे 8 टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीने, तर 11 टक्क्यांचा हिरडीदाहापुढे गेलाच नाही. आनुवंशिकता, धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांनी पारडे फिरते. धूम्रपानाने तर हिरडीतून रक्त येणे कमी होते आणि आजार झाकला जातो.

रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश न लावणे ही फार घातक समजूत आहे: तिथलाच प्लाक काढायला हवा असतो. खिशातला थर दंतवैद्यालाच खरवडून काढावा लागतो. चिकट आवरणामुळे एकट्या प्रतिजैविकांनी काम भागत नाही. उपचारानंतरही काही आठवडे ते महिन्यांत जीवाणू परत वस्ती करतात, म्हणून परिदंतदाहाच्या रुग्णांना बहुधा दर 3 ते 4 महिन्यांनी तपासणी आणि सफाई करून घ्यायला सांगितले जाते.