ब्रूटसचा ‘लव्हर’ कोण?

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरला मारून ब्रूटस जमावापुढे उभा राहतो. ‘रोमन हो, देशबांधव हो आणि लव्हर्स हो’, अशी सुरुवात करतो आणि पुढे सीझरलाच आपला सर्वांत जवळचा ‘लव्हर’ म्हणतो. आजच्या वर्गात इथे हमखास खसखस पिकते. 1599च्या सुमारास मात्र ‘लव्हर’चा जिवलग मित्र असाही अर्थ सर्रास चालायचा. शेक्सपिअरच्याच ‘कोरिओलेनस’मधला म्हातारा मेनेनियस पहारेकऱ्याला बिनदिक्कत सांगतो, तुझा सेनापती माझा लव्हर आहे. मॅकबेथ तर मारेकऱ्यांच्या मदतीशी ‘मेक लव्ह’ करतो, म्हणजे ती मिळावी म्हणून मनधरणी करतो. ‘मेक लव्ह’ला शरीरसंबंधाचा अर्थ रुळला तो विसाव्या शतकात. आपल्याकडे ‘यार’ नेमका उलटा गेला. पूर्वी ‘तिचा यार’ म्हटलं की भानगड, आता पोरं वाक्यागणिक यार म्हणतात.

म्हणून ‘लव्हर म्हणजे मित्र’ एवढी तळटीप टाकून मोकळं व्हायचं? मला ते पटत नाही. प्रियकर हा अर्थही तेव्हा होताच. शिवाय ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द कार्ल-मारिया कर्टबेनी या लेखकाने जर्मनमध्ये छापला तो 1869 साली. इंग्लंडच्या 1533च्या कायद्याने देहदंड ठेवला होता तो ‘अनैसर्गिक’ समागमाच्या कृत्याला. माणसांचा असा वेगळा वर्ग त्यात नव्हता. मैत्री कुठे संपते आणि आसक्ती कुठे सुरू होते, याची आपली आजची रेघ तिथे ओढता येत नाही.

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लोच्या ‘एडवर्ड दुसरा’मध्ये (छापील प्रत 1594) हे फार स्पष्ट दिसतं. राजाचा लाडका गॅव्हेस्टन, त्याला सरदार ‘मिनियन’ म्हणून हिणवतात. फ्रेंच ‘मिन्यों’वरून आलेल्या या शब्दात लाडका, राजाच्या मर्जीतला आणि शय्येतला, सगळंच मिसळलेलं. त्या सरदारांतला थोरला मॉर्टिमर म्हणतो, मोठमोठ्या राजांना मिनियन होते, अलेक्झांडरचा हेफेस्टियन होताच की! धाकटा मॉर्टिमर तर उघड सांगतो की राजाच्या रंगेलपणाचं मला दुःख नाही. हलक्या कुळातला माणूस राजकृपेने माजतो, हे खुपतं. आपण कामभावना शोधत बसतो आणि सरदारांची तक्रार असते जातकुळीची.

आता 1700 पर्यंतच्या हजारो इंग्रजी पुस्तकांचा मजकूर संगणकावर शोधता येतो. एखाद्या शब्दाच्या शेजारी वारंवार कोणते शब्द येतात, हे पाहून त्याची तेव्हाची छटा ताडता येते. तरी काही शब्द त्या काळातही धूसर होते. शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त थर्साइटिस पॅट्रोक्लसला ग्रीक योद्धा अकिलीसचा ‘मेल व्हार्लेट’ म्हणतो. व्हार्लेट म्हणजे नोकर, हलकट. पॅट्रोक्लस भर रंगमंचावर विचारतो, म्हणजे काय? उत्तर मिळतं, त्याची पुरुष-वेश्या.