शुगरची गोळी

शुगरची गोळी : दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी तोंडावाटे घ्यायच्या औषधांचे बोलीतील नाव. कोल्हापुरात ‘गोळी चालू झाली’ म्हटले की कसली, हे विचारावे लागत नाही. नाव एकच, पण आतल्या औषधांचे स्वभाव निराळे.

सीपीआरचा (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा) केसपेपर असो वा खासगी चिठ्ठी, पहिली गोळी सहसा मेटफॉर्मिनची. हे रसायन १९२२ मध्ये तयार झाले. फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरील त्याचा वापर १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. यकृतातून रक्तात उतरणारी साखर ते कमी करते. सुरुवातीला पोट बिघडते, म्हणून जेवणाबरोबर घेतात. पाकिटावर ‘एसआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) असेल तर गोळी तोडायची नाही. तिचे टरफल कधी शौचातून पडते. गोळी विरघळलीच नाही, असे वाटून माणूस घाबरतो, पण औषध आत उतरलेले असते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच नवरात्राचा कडक उपवास धरून नेहमीची गोळी घेणे धोक्याचे. साखर फार खाली जाते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी घरात पहिला हात गुळाच्या डब्यात जातो. एरवी ते चालते. मात्र गोळीत व्होग्लिबोज असेल तर गूळ कामाचा नाही: हे औषध सुक्रोज (म्हणजे आपली नेहमीची साखर) फोडणारे आतड्यातील विकरच अडवते, आणि गूळ म्हणजे बहुतांशी सुक्रोज. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन व व्होग्लिबोज एकाच गोळीत असणे आपल्याकडे नेहमीचे, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरे वाचलेली बरी. (‘गुळानं शुगर वाढत नाही’ हा समजही याच सुक्रोजपाशी मोडतो, २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळही त्याला अपवाद नाही.)

ग्लिप्टिन गटातील गोळ्यांनी एकट्याने साखर फारशी एकदम उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय व मूत्रपिंडालाही त्यांचा फायदा होतो. पेटंट संपल्यावर त्यांचे भाव उतरले. जननेंद्रियाची खाज मात्र पुष्कळांना त्रास देते, आणि लाजेपोटी ती डॉक्टरांना सांगितली जात नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा ऑपरेशन ठरले, तर डॉक्टरांना विचारून ही गोळी थांबवावी लागते. ती चालू असेतोवर लघवीच्या रिपोर्टात साखर दिसणारच.