प्रथिन बनतं, पण घडी चुकते

विरजणाने दही लागतं, लिंबू पिळून पनीर होतं. बहुतेक चीजना मात्र रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा अर्क, लागतं. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे कायमोसिन, पूर्वी दूधपित्या वासराच्या जठरातून काढत. त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली. सांगली-साताऱ्याच्या दूधपट्ट्यात बायोटेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय सापडायचा नाही.

जनुक जोडलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) जिवाणूत घालणं सरावाचं काम आहे: बर्फावर अर्धा तास, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फ. प्लाझ्मिड घेतलेलेच जिवाणू जगावेत म्हणून प्लेटमध्ये प्रतिजैविक घालतात; त्यात अँपिसिलिनपेक्षा कॅनामायसिन (मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम) बरं. अँपिसिलिन फोडणारं एन्झाइम पेशींबाहेर झिरपतं, आणि वसाहतीभोवती बिनप्लाझ्मिडच्या फुकट्यांचं फावतं.

पुढे एक लिटरच्या फ्लास्कात २०० मिलीच माध्यम घ्यावं, हवा खेळली पाहिजे. ३७ अंशांवर वाढवून ६०० नॅनोमीटरला ओडी (माध्यमाच्या गढूळपणाचं माप) ०.६ आली की आयपीटीजी हे रसायन टाकायचं. जनुक चालू होतं. एक मिलिमोलर टाकून ३७ अंशांवरच ठेवलं तर जिवाणू प्रथिनाचा सपाटा लावतो, आणि प्रथिनाच्या एका साखळीची नेमक्या आकारात घडी पडण्याआधीच ती दुसरीला चिकटते. पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी खडूसारखा पांढरा, घट्ट गाळ बसतो. प्रथिन आपलंच, पण निकामी. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ठसठशीत पट्टा दिसला म्हणून हुरळू नये. वरचं द्रावण आणि तळाचा गाळ वेगवेगळे चालवावेत.

पहिला उपाय थंडीचा. कल्चर १८ अंशांवर आणावं, मग आयपीटीजी ०.१ मिलिमोलर, आणि रात्रभर शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र). इथे सांगलीचा एप्रिल आडवा येतो. साध्या शेकरला नुसता हीटर असतो, कॉम्प्रेसर नसतो. खोलीच ३८ अंशांवर असेल तर पडद्यावर १८ लावून काय होणार? वर मोटरची ऊब वेगळीच. शेजारी पाण्याचा फ्लास्क ठेवून त्यात थर्मामीटर बुडवून बघावा. रात्री वीज गेली की हलणं थांबतं, पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. म्हणून शेकर बॅकअपवर हवा.

कायमोसिनचं मात्र थंडीनेही पुरतं भागत नाही. त्यात तीन डायसल्फाइड बंध (घडी जागी धरणारे गंधकाचे दुवे) आहेत, आणि ई. कोलायच्या पेशीरसात ते नीट जुळत नाहीत. म्हणून गाळ धुऊन ८ मोलर युरियात विरघळवतात आणि अल्कधर्मी बफरमध्ये हळूहळू सोडून युरिया पातळ करतात. घाई केली की पुन्हा गाळ. हाती येतं ते प्रोकायमोसिन, म्हणजे कायमोसिनचं अजून निष्क्रिय असलेलं रूप. पीएच २ वर नेलं की ते स्वतःच्या साखळीचं टोक स्वतःच छाटतं आणि कामाला तयार होतं.

पीएच पुन्हा वर आणून, किंचित कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या कोमट दुधात थोडं सोडावं. शेजारी नुसतं बफर घातलेली नळी ठेवावीच. तिच्यातलंही दूध फाटलं, तर करामत एन्झाइमची नाही, उरलेल्या आम्लाची.