हयातीचा दाखला मोबाइलवरून देताना अर्ज कुठे अडतो

पेन्शन घेणाऱ्याने आपण हयात असल्याचं दरवर्षी कळवावं लागतं. बँकेत जाऊन सही करता येते, किंवा २०१४ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सेवेवर आधारच्या आधारे घरूनच दाखला देता येतो. सोय चांगली आहे. तरीही ज्यांची पेन्शन थांबते त्यातल्या काहींच्या मोबाइलमध्ये दाखला तयार झाल्याचा मेसेज असतोच. दाखला तयार होणं वेगळं आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो मान्य करणं वेगळं. पहिल्या मेसेजवर निर्धास्त राहू नका. मान्य झाल्याची खात्री करा.

लागणाऱ्या गोष्टी चारच: आधार क्रमांक, पेन्शनचा खाते क्रमांक, हाताशी असलेला मोबाइल आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक. घोडं अडतं ते या शेवटच्यापाशी. पीपीओचा कागद निवृत्तीच्या दिवशी मिळालेला, मग घर बदललं, कपाट बदललं. आधी पेन्शनचं पासबुक बघा, नाहीतर बँकेत विचारा. ईपीएस, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शन घेणाऱ्यांना, तो निधी सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर खाते क्रमांक टाकूनही तो मिळतो. अंदाजाने आकडा भरू नका. दाखला तयार होईल, पण पुढे नाकारला जाईल.

दुसरी अडचण फॉर्ममधल्या पर्यायांच्या यादीची. पेन्शन मंजूर करणारं कोण आणि वाटणारं कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्य सरकारच्या पेन्शनरांचे पैसे बँकेत जमा होतात म्हणून बरेच जण बँक निवडतात. पेन्शन येते कोषागारामार्फत, तेव्हा तेच शोधा. सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाला हे कळावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा तो फॉर्म स्वतः भरून पाहावा. स्वतःची पेन्शन आणि पतीमागची कुटुंब पेन्शन, अशा दोन्ही मिळत असतील तर दाखलेही दोन. पुनर्विवाह किंवा पुन्हा नोकरी झाली असेल तर हा मार्ग बंद. कागदी दाखलाच द्यायचा.

बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याने ओळख पटवा. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. आधी ‘ऑपरेटर’चा आधार विचारला जातो, म्हणजे फोन हाताळणाऱ्याचा. मुलगा मदत करत असेल तर तिथे मुलाचा, त्यानंतर आईचा. इथे अदलाबदल हमखास होते. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले असतील तर आधी उघडा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमनही घरी येऊन दाखला काढून देतो.

मुदतीचाही घोळ होतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी महिना नोव्हेंबर. ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसवाल्यांना मात्र नोव्हेंबरचं बंधन नाही. त्यांचा दाखला दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो. एप्रिलात दिलेला असेल तर पुढच्या एप्रिलात द्यायचा. नोव्हेंबरची वाट पाहाल तर मधले महिने पेन्शन अडकेल.

आता ओटीपी. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आजी-आजोबांनी कसंबसं पाठ केलेलं असतं, आणि हाच अर्ज ओटीपी मागतो. ठगांना नेमका हाच गोंधळ सोयीचा पडतो. ‘पेन्शन कार्यालयातून बोलतोय, दाखला अपडेट करायचाय’ असा फोन येतो. समोरचा पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीखसुद्धा बरोबर सांगतो. माहिती बरोबर आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही. कोणतंही कार्यालय फोनवरून दाखला अपडेट करून देत नाही. अर्ज आपण सुरू केला असेल तरच ओटीपी, आणि तोही मेसेज पूर्ण वाचून, ॲपमध्ये स्वतःच्या हाताने टाकायचा. मेसेजमध्ये रक्कम दिसली तर तिथेच थांबा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलवरून ॲप घेऊ नका, प्ले स्टोअरवरूनच घ्या. पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

दाखला नाकारला गेला असेल तर चुकलेला आकडा दुरुस्त करून नवा दाखला काढा. तो मान्य झाला की थांबलेली पेन्शन थकबाकीसह मिळते. प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, मात्र दरवर्षी नवा निघतो. गेल्या वर्षीचा कागद दाखवून काम होत नाही.