पिळलेलं शिखर आणि बदनाम सुतार

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात चेस्टरफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स या चर्चचं शिखर ओला पंचा पिळावा तसं पिळलेलं आहे. उंची २२८ फूट. पीळ सुमारे ४५ अंशांचा, आणि टोक मूळ मध्यापासून साडेनऊ फूट बाजूला झुकलेलं.

गावातल्या गोष्टींत दोष सैतानाचा. तो शिखराला शेपटी गुंडाळून बसला होता; खालून धुपाचा वास आला आणि त्याला अशी सणसणीत शिंक आली की शिखर मुरगळलं. दुसरी गोष्ट जरा चहाटळ आहे: खरोखरची कुमारिका नवरी लग्नाला आली, तेव्हा शिखर आश्चर्यानं वळून तिच्याकडे बघू लागलं. पुन्हा तशी कुणी आली की ते सरळ होणार म्हणे!

चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातलं, आराखडा क्रुसाच्या आकाराचा. दोन बाहू जिथे छेदतात तिथे दगडी मनोरा आणि त्यावर हे अष्टकोनी शिखर. ते मात्र दगडी नाही: आत ओकच्या लाकडाचा सांगाडा, वरून शिशाचे पत्रे. ते चढलं साधारण १३६२ च्या सुमारास, म्हणजे प्लेगच्या महासाथीनंतर तेरा-चौदा वर्षांनी. साथीत इंग्लंडची किमान एक तृतीयांश माणसं गेली. साहजिकच एक तर्क असा की जाणते सुतार उरले नव्हते. जे होते त्यांनी न वाळवलेलं लाकूड वापरलं आणि ते वाळताना वाकडं झालं.

यातला ओल्या लाकडाचा दोष मला अन्यायाचा वाटतो. त्या काळी सगळेच सुतार ओला ओक वापरत. वाळलेला ओक इतका टणक होतो की हातातल्या तासणीनं आणि किकऱ्यानं त्याला आकार देणं म्हणजे शिक्षाच. लाकूड जोडणीत बसवल्यावर वाळणार, हे गृहीत धरूनच काम होई. वाळताना लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेनं ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसतं, लांबीत मात्र जवळपास नाहीच. म्हणून तुळया पिळतात, खाचा सैल होतात. हे सगळ्याच इमारतींत झालं. मग त्यांची शिखरं सरळ कशी राहिली?

इथे तिरप्या आधारांचा प्रश्न येतो. चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून चौकट करा आणि कोपऱ्यावर ढकला, ती लगेच तिरकी होते. एकच पट्टी कर्णावर ठोका, मग ढकलून पाहा. त्रिकोणाचा आकार त्याच्या बाजू न मोडता बदलत नाही. चेस्टरफिल्डच्या सांगाड्यात असे आधार पुरेसे नव्हते, असं मानलं जातं. मग आठही बाजू एकाच अंगाला थोड्या थोड्या तिरक्या झाल्या की अख्खं शिखर पिळणारच.

त्यावर शिशाचं ओझं, तीसेक टनांचं. डर्बीशरच्या डोंगरांत शिशाच्या खाणी रोमन काळापासून होत्या, त्यामुळे हा माल घरचाच. पण शिसं उन्हानं फार फुगतं: दहा मीटरचा पत्रा तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे नऊ मिलिमीटर लांबतो, तर ओक लांबीच्या दिशेनं जेमतेम दीड-दोन. शिवाय शिसं मऊ असल्यानं ताणलेलं पुरतं मूळ जागी परतत नाही. त्या अक्षांशावर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे, तेव्हा तीच बाजू जास्त तापते. सांगाड्यावरचा हा असमान ताण शतकानुशतकं साचत गेला, असा आणखी एक तर्क आहे. मला तिन्ही कारणं मिळून खरी वाटतात. एकट्या कुणाच्या अंगात एवढं बळ नाही.

थोडा दृष्टिभ्रमही आहे. पत्रे माशाच्या काट्यासारखे तिरपे बसवलेत, त्यामुळे सपाट बाजूंवर पन्हळी असल्यासारखं दिसतं आणि पीळ आहे त्याहून जास्त भासतो.

डिसेंबर १९६१ मध्ये चर्चच्या उत्तर बाहूला आग लागली. १७५६ सालचा ऑर्गन जळून गेला. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि लाकडाची आग त्याच्या कितीतरी पुढे जाते. ज्वाळा वर चढल्या असत्या तर शिशाचा पाऊसच पडला असता. बंबवाल्यांनी शिखर वाचवलं, होतं तसं वाकडंच.