रेडिओ किती वेळ जागा राहतो?

मातीतला ओलावा मोजणारी एक डबी मी उघड्यावर, घरापासून सहाशे मीटरवर बसवली होती. आत चार पेन्सिल सेल, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि रेडिओ मॉड्यूल. हिशोबाने ती वर्षभर सहज चालायला हवी होती. तीन आठवड्यांत गप्प झाली. दोन दिवस मी रेडिओवर संशय घेत बसलो आणि दोष निघाला बोर्डावरच्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये, म्हणजे सेलचं व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणाऱ्या भागात. १११७ या क्रमांकाचा तो सर्रास सापडणारा रेग्युलेटर, पुढे काहीही चालू नसलं तरी, स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला: ५०० तास, म्हणजे एकवीस दिवस.

रेडिओची निवडही याच भागाकारावर ठरते. बहुतेक जण ‘किती लांब जातो?’ इथून सुरुवात करतात. मी आता आधी ‘किती वेळ जागा राहतो?’ हे पाहतो.

समजा, दर १५ मिनिटांनी २० बाइटचा एक निरोप पाठवायचा आहे. दिवसाला ९६ निरोप झाले. वाय-फाय घेतलं तर चिप उठणार, राउटर शोधणार, ओळख पटवणार, पत्ता मागून घेणार आणि मग एकदाचे ते वीस बाइट पाठवणार. यात तीन सेकंद सहज जातात. त्या वेळात सरासरी १२० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाचा खर्च ९.६ मिलिअँपिअर-तास होतो. त्यातला निरोपाचा वाटा नगण्य. बाकी सगळा खर्च दार उघडून घेण्याचा.

लोरा म्हणजे थोड्या विजेत लांब पोहोचणारं रेडिओ तंत्र. दोन साध्या लोरा मॉड्यूलमध्ये ही उस्तवार नसते. उठायचं, बोलायचं, झोपायचं. जलद सेटिंगवर तोच निरोप सुमारे ५७ मिलिसेकंदांत हवेतून निघून जातो. ४० मिलिअँपिअरने हिशोब केला तर दिवसाला ०.०६ मिलिअँपिअर-तास. झोपलेलं सर्किट १० मायक्रोअँपिअर जरी घेत असलं, तरी त्याचे दिवसाचे ०.२४ होतात, म्हणजे बोलण्याच्या चौपट. इथवर आलात की आणखी काटकसरी रेडिओ शोधण्यात अर्थ उरत नाही. झोपेत कोण काय खातंय ते बघायचं: रेग्युलेटर, बोर्डावरचा लुकलुकणारा एलईडी, सतत चालू राहिलेला सेन्सर.

लोरा लांब पोहोचतो तो कसा? हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीत आकाराला आलं. २०१२ मध्ये चिप बनवणाऱ्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. त्यातली युक्ती कानाने समजून घेता येते. गजबजाटात दूरवर कुणीतरी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारी शिट्टी वाजवतंय आणि ती कशी चढणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मग कान तिचा माग काढतो. लोरा अशाच चढत्या लहरी पाठवतो. लहर कोणत्या सुरापासून सुरू झाली, यात माहिती दडलेली असते. रिसीव्हर संपूर्ण चढणीतली ऊर्जा एकत्र गोळा करतो, त्यामुळे चढण जितकी संथ तितका क्षीण सिग्नल ओळखता येतो.

या संथपणाचं माप म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर. नेहमीच्या वापरात तो ७ ते १२ असतो: ७ म्हणजे वरचं जलद सेटिंग, १२ सर्वांत संथ. १२ वर सिग्नलची शक्ती गोंगाटाच्या शक्तीच्या शंभराव्या भागाइतकी असली तरी निरोप वाचता येतो. मला हे आजही विलक्षण वाटतं. पण किंमत मोजावी लागते. ५७ मिलिसेकंदांचा तोच निरोप आता १.३ सेकंद हवेत राहतो, तेवीस पट. दिवसाचा खर्च ०.०६ वरून १.४ वर जातो. अंतर वाढवायचं तर जोर वाढवावा लागतो असं आपण धरून चालतो. इथे जोर तोच राहतो, वेळ वाढते. हाच सौदा अंतराळातही दिसतो: १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सुमारे २३ वॅटच्या ट्रान्समीटरवर अब्जावधी किलोमीटरवरून बोलतं, तेही सेकंदाला जेमतेम १६० बिट या गतीने.

हवेतल्या वेळेवर कायद्याचंही बंधन असू शकतं. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या अनेक भागांत एका यंत्राला फक्त १ टक्का वेळ बोलता येतं, म्हणजे तासाला ३६ सेकंद. स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर त्यात २७ निरोप बसतात. पट्टेही देशोदेशी वेगळे आहेत: भारतात ८६५ ते ८६८, अमेरिकेत ९०२ ते ९२८. मॉड्यूल घेताना हा आकडा आधी तपासावा.

आता ज्या गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं ती. बोलणं क्षणाचं असतं, ऐकणं मात्र अखंड असू शकतं. ‘हुकूम आला तर पंप चालू कर’ असं म्हटलं की रिसीव्हर सतत जागा ठेवावा लागतो. त्याला १० मिलिअँपिअर लागत असतील, तर आपले सेल दहा दिवसांत संपले. लोरावॅनमध्ये, म्हणजे लोरावर नेटवर्क चालवण्याच्या नियमावलीत, यावर छान तोड आहे. त्यातलं सर्वांत काटकसरी यंत्र स्वतः बोलून झाल्यावर थोड्या वेळाने दोनदा, अगदी थोडा वेळ कान उघडतं आणि पुन्हा झोपतं. हुकूम पुढच्या निरोपापर्यंत थांबून राहतो. पंपाला पंधरा मिनिटांचा उशीर चालत असेल, तर हेच करावं.

पोचपावतीचंही तसंच. प्रत्येक निरोपाला पावती मागण्यापेक्षा मी ताज्या मोजणीबरोबर मागच्या तीन मोजण्या पाठवतो. एक निरोप हरवला तरी पुढचा ती जागा भरून काढतो. तापमान २७.४ असेल तर अक्षरं न पाठवता २७४ हा आकडा पाठवायचा, दोन बाइटमध्ये मावतो. तीन जुन्या मोजण्यांचे सहा बाइट वाढले, तर जलद सेटिंगवर जेमतेम पाच मिलिसेकंद वाढतात.

आणि अंतर? त्यासाठी आधी अँटेनाकडे बघावं. ८६८ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगाची तार ८.६ सेंटिमीटरची. ती धातूच्या डबीत बंद केली किंवा सेलला चिकटवून दुमडली, तर कुठलाही रेडिओ मुका होतो. दुसरं, रेडिओलहर सुतासारखी सरळ रेषेत जात नाही. तिला भोवती फुगीर मोकळी जागा लागते. एक किलोमीटरच्या अंतरासाठी मधोमध ही जागा सुमारे नऊ मीटर त्रिज्येची असते. जमिनीलगत ठेवलेल्या डबीची अर्धी वाट मातीच अडवते. सपाट जमिनीवर, पुरेशा लांबवर, अँटेनाचा खांब दुप्पट उंच केला तर मिळणारा फायदा ट्रान्समीटरची शक्ती चौपट केल्याइतका असतो. आणि खांब बॅटरी खात नाही.

अंतर तीस-चाळीस मीटरच असेल आणि मध्ये अडथळा नसेल, तर ब्लूटूथ लो एनर्जी उत्तम. फोनवर थेट वाचता येतं. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी झाडीत लवकर थकतात, ओल्या पानांत तर अधिकच. जवळपास आपला रिसीव्हर ठेवायला जागाच नसेल, तर मोबाइल टॉवरवर चालणारं एनबी-आयओटी पाहावं, मात्र नेटवर्क तिथे खरोखर पोहोचतं का हे जागेवर जाऊन तपासून.

त्या डबीतला रेडिओ मी बदलला नाही. रेग्युलेटर मायक्रोअँपिअरवर भागवणारा घातला, अँटेना गुडघ्याएवढ्या उंचीवरून डोक्याच्या वर नेली. तेवढ्याने स्प्रेडिंग फॅक्टर १० वरून ७ वर आणता आला. जोराचा पाऊस पडून गेल्यावर, पानं निथळत असताना, सिग्नलची ताकद पुन्हा मोजली. वाचता येण्याच्या मर्यादेपेक्षा ती अजून पंधरा डेसिबल वर होती. मग झाकणाचे स्क्रू घट्ट केले.