ड्रॅगन बॉलचे चित्रपट आणि ॲनिमेशनचा वाद : १९८६ पासून आजपर्यंत

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचा नवा चित्रपट जाहीर झाला, की कथेची चौकशी नंतर होते. आधी ट्रेलर थांबवून थांबवून पाहिला जातो. नायक गोकूचा चेहरा जमलाय का, स्नायूंवर चकाकी फार आहे का, हे हातानं काढलंय की संगणकावर केलंय? २०२२ साली ‘सुपर हीरो’ या चित्रपटाच्या वेळी हा वाद फार तापला, पण त्याची सुरुवात तेव्हाची नाही. हे चित्रपट १९८६ पासून येत आहेत. ते बनवण्याची पद्धत जशी बदलत गेली, तसं ‘चांगलं ॲनिमेशन’ कशाला म्हणायचं याचं उत्तरही बदलत गेलं. माझं मत आधीच मांडतो: या वादात रेखाटन आणि हालचाल यांची सतत गल्लत होते, आणि थांबवलेल्या एका फ्रेमवरून दिलेला निकाल बहुतेकदा चुकतो.

अकिरा तोरियामांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८४ च्या अखेरीस ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली. २६ फेब्रुवारी १९८६ ला तोएई ॲनिमेशननं बनवलेली मालिका जपानी टीव्हीवर आली आणि त्याच डिसेंबरात पहिला चित्रपट. तो जेमतेम ५० मिनिटांचा होता, कारण तो एकटा दाखवण्यासाठी बनलाच नव्हता. शाळांना सुट्ट्या लागल्या की तोएई ‘मांगा मात्सुरी’ भरवायची, म्हणजे मुलांसाठी एकाच तिकिटात अनेक छोटे चित्रपट. पुढे त्याचं नाव ‘ॲनिमे फेअर’ झालं, पण रीत तीच राहिली. ‘ड्रॅगन बॉल झेड’ या पुढच्या मालिकेचे १९८९ ते १९९५ या काळातले तेरा चित्रपट याच रीतीतून आले. १९९० पासून तर मार्चमध्ये एक आणि जुलैमध्ये एक असा नेमच होता. शेजारी २९१ भागांची साप्ताहिक मालिका चालूच होती. माणसं बरीचशी तीच, वेळ तुटपुंजा. त्या चित्रपटांची कथा वारंवार एकाच साच्यातली का वाटते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पण दिसण्याच्या बाबतीत हे चित्रपट मालिकेच्या पुष्कळ पुढे होते. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. जपानी टीव्ही ॲनिमेशननं १९६० च्या दशकापासून काटकसरीची वाट धरली: एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत काम भागतं. त्यातही तोंड हलेल तेवढंच हलवायचं, बाकी देह स्थिर. मालिकेचे भाग वेगवेगळ्या चमूंकडे आळीपाळीनं जात. प्रत्येक भागाला एक साकुगा कांतोकु, म्हणजे ॲनिमेशन दिग्दर्शक असे. इतरांनी काढलेली मुख्य चित्रं तपासणं, चेहरे सुधारणं, पात्रं ओळखीची ठेवणं हे त्याचं काम. प्रत्येकाचा हात वेगळा असल्यानं गोकूचा जबडा एका आठवड्यात गोल तर पुढच्या आठवड्यात टोकदार दिसे. मुरलेले चाहते श्रेयनामावली न वाचताही भाग कोणाचा हे सांगतात. आपल्याकडे २००० नंतर कार्टून नेटवर्कवर ‘झेड’ पाहत वाढलेल्या पिढीनंही हा फरक पाहिला आहे. तेव्हा कारण माहीत नव्हतं, इतकंच.

चित्रपटाला मात्र सहसा एकच ॲनिमेशन दिग्दर्शक असे, चित्रंही जास्त वापरता येत. त्यामुळे तासभर एकाच हाताची सलगता टिके. सुरुवातीला हा हात मिनोरू माएदांचा होता: गुबगुबीत, मऊ, तोरियामांच्या सुरुवातीच्या रेषेजवळचा. १९९० च्या दशकात तादायोशी यामामुरो पुढे आले आणि आकृत्या टोकदार, पिळदार झाल्या. ‘सुपर सायन’ म्हणजे गोकूचं सोनेरी केसांचं शक्तिशाली रूप म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येणारी प्रतिमा बरीचशी त्यांनी घडवली आहे.

त्या काळातलं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते दिग्दर्शक शिगेयासु यामाउची यांचं आहे. मार्च १९९३ चा ब्रोली या खलनायकाचा पहिला चित्रपट, पुढच्या वर्षीचा त्याचा दुसरा भाग, १९९५ मधला गोगेटा या पात्राची ओळख करून देणारा चित्रपट आणि १९९६ चा दहाव्या वर्धापनदिनाचा चित्रपट, हे सगळे त्यांचे. ते चौकटीत रिकामी जागा सोडतात. चेहरा अर्धाच दाखवतात. मार बसण्याआधी शांतता लांबवतात. चित्रांची संख्या वाढवून जो परिणाम साधत नाही, तो ते कॅमेऱ्याच्या जागेतून साधतात. १९९३ च्या ब्रोलीची भीती त्याच्या दंडांच्या आकारात थोडी आणि या संथपणात जास्त आहे. ‘जुने चित्रपट भारी होते’ असं म्हणणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा हेच असतं, पण श्रेय मात्र सेलवरच्या, म्हणजे ॲनिमेशनच्या पारदर्शक पानांवरच्या, रंगांना दिलं जातं.

सेलचा मुद्दा खोटा आहे असं नाही. पारदर्शक पानावर हातानं भरलेला रंग, फिल्मवर टिपताना येणारे कण, प्रकाशाचा किंचित पसरटपणा या सगळ्यांना एक ऊब आहे. शिवाय हे चित्रपट चौकोनी चौकटीत काढले जात आणि चित्रगृहात वरखाली झाकून रुंद दाखवले जात. त्यामुळे घरच्या आवृत्त्यांत कुठे पूर्ण चौकट मिळाली, कुठे कापलेली. काही ठिकाणी कण पुसताना रेषाही पुसल्या गेल्या. दोन माणसं एकाच चित्रपटावर भांडतात, तेव्हा दोघांनी एकच चित्र पाहिलेलं असेलच असं नाही.

१९९६ नंतर चित्रगृहातली मालिका थांबली ती सतरा वर्षं. दरम्यान सेल गेले, रंग संगणकावर भरले जाऊ लागले. ३० मार्च २०१३ ला ‘बॅटल ऑफ गॉड्स’ आला तेव्हा तो नव्या साधनांवरच उभा होता. दिग्दर्शक मासाहिरो होसोदा, ॲनिमेशनची सूत्रं यामामुरोंकडे. गोकू आणि विध्वंसाचा देव बीरस शहरातून, भूगर्भातल्या गुहांतून झेपावत जातात तिथे मागचं जग त्रिमितीत उभं केलं होतं. पात्रांच्या अंगावरची डिजिटल चकाकी मात्र अनेकांना प्लास्टिकसारखी वाटली. एप्रिल २०१५ चा ‘रिसरेक्शन एफ’ यामामुरोंनी स्वतः दिग्दर्शित केला, आणि तिथे टीका वाढली. आकृत्या नेटक्या, पण ताठ. मारामारीच्या मध्येच संगणकीय देह येतात आणि डोळ्याला खटकतात. एकेकाळी ज्यांच्या रेषेनं मालिकेला जोर दिला, त्यांचीच रेषा आता अडचण ठरते आहे असं बोललं जाऊ लागलं. मला यात कारण व्यक्तीपेक्षा पद्धतीत दिसतं. प्रत्येक स्नायू, प्रत्येक छटा नियमानुसारच असली पाहिजे असा आग्रह असेल, तर चित्र काढणाऱ्याचा वेळ देह हलवण्यात न जाता देह सजवण्यात जातो.

जुलै २०१५ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’ ही मालिका सुरू झाली आणि तिनं हेच दोन चित्रपट पुन्हा सांगितले, तेही फार अपुऱ्या तयारीनं. ऑगस्टमध्ये आलेला पाचवा भाग, गोकू आणि बीरसची लढत, कच्च्या चित्रांसाठी जगभर गाजला. नंतर डिस्कवर देताना काही चित्रं दुरुस्त केली गेली, पण वेडेवाकडे गोकू तोवर सगळीकडे फिरले होते. थांबवलेली फ्रेम पुरावा म्हणून मांडायची सवय इथे पक्की झाली. या सवयीनं नाओतोशी शिदांसारख्या जुन्या, जाणत्या ॲनिमेटरवर अन्याय केला. त्यांचं एखादं चित्र थांबवलं तर हात रबरासारखा लांबलेला दिसतो. पण तेच वेगात पाहिलं तर ठोशाचं वजन लागतं. लांबलेला हात चुकून आलेला नसतो, वेग दाखवण्यासाठी मुद्दाम काढलेला असतो.

मग १४ डिसेंबर २०१८ ला ‘ब्रोली’ आला. तोएईनं या वेळी पात्ररचनेसाठी चाचणी घेतली आणि त्यातून नाओहिरो शिंतानी निवडले गेले. त्यांनी रेषा कमी केल्या, सावल्या पातळ केल्या, चकाकी जवळजवळ काढून टाकली, चेहरे पुन्हा गोल आणि मऊ केले. पहिली चित्रं बाहेर आली तेव्हा ‘फार साधं’ अशी तक्रार झाली. पण साधेपणा हाच त्यामागचा विचार होता. कमी रेषांचं पात्र कोणत्याही कोनातून पटकन काढता येतं, दाबता येतं, ताणता येतं. दिग्दर्शक तात्सुया नागामिने यांनी ती मोकळीक शिदा, युया ताकाहाशी अशा वेगवेगळ्या वळणांच्या कलाकारांना दिली, आणि कोणाचा हात कोणता हे पडद्यावर पुन्हा ओळखू येऊ लागलं. बर्फावर सुरू झालेली लढाई लाव्ह्यातून जात अवकाशाचंच कवच फोडते, दरम्यान शैली कितीदा तरी बदलते, आणि ते बदल आवडतात. शेवटाकडे त्रिमितीय तुकडेही आहेत. तिथे मला ओढ कमी झालेली जाणवते. तरी एकूण चित्रपट या मालिकेतला हालचालीचा सर्वांत श्रीमंत नमुना आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एवढं झाल्यावर पुढचा चित्रपट त्रिमितीत करायचा निर्णय अनेकांना समजलाच नाही. ‘सुपर हीरो’ २२ एप्रिल २०२२ ला यायचा होता. मार्चमध्ये तोएईच्या यंत्रणेत बाहेरून घुसखोरी झाली, काम अडलं आणि तो ११ जूनला लागला. भारतात ऑगस्टमध्ये. दिग्दर्शक तेत्सुरो कोदामा संगणकीय ॲनिमेशनमधून आलेले, तर ॲनिमेशन दिग्दर्शक चिकाशी कुबोता हे हाताच्या रेखाटनातले. काही थोडे भाग हातानं काढलेले, बाकी सगळं त्रिमितीय प्रतिकृतींवर सेलसारखे सपाट रंग चढवून केलेलं. ट्रेलर पाहून अनेकांनी त्याला व्हिडिओ गेम ठरवलं. चित्रपट पाहिल्यावर बऱ्याच जणांच्या टीकेचा सूर सौम्य झाला, आणि ते बरोबरच होतं. पावसातली गोकूचा मुलगा गोहान आणि यंत्रमानव गामा १ यांची लढत घ्या. कॅमेरा दोघांभोवती न तुटता फिरतो, अंतराचा अंदाज कधीच हरवत नाही, आणि महत्त्वाच्या पवित्र्यांवर पात्रं चित्रासारखी थबकतात. गोहानचा गुरू पिकोलो याचे विनोदी हावभावही चांगले जमले आहेत. उणीव दिसते ती निवांत प्रसंगांत: कपड्यांना वजन नाही, बोटं जरा बाहुलीची.

तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ‘दाइमा’ ही वीस भागांची मालिका आली, मुख्यतः हातानं काढलेली. तिची पात्ररचना कात्सुयोशी नाकात्सुरू यांची, म्हणजे ‘झेड’च्या उत्तरार्धात आणि ‘जीटी’ या त्यानंतरच्या मालिकेत ज्यांनी हे काम केलं त्यांचीच. तिच्यातल्या कित्येक लढती सहज मोठ्या पडद्यावर शोभल्या असत्या. पुढचा चित्रपट निघाला तर तो शिंतानींच्या रेषेत, हातानं काढलेला असावा असं मला वाटतं. त्रिमिती शहरांसाठी, ढिगाऱ्यांसाठी, गर्दीसाठी खुशाल वापरावी. आणि त्यासाठी वर्ष-दोन वर्षं जास्त थांबावं लागलं तर चाहत्यांनी थांबावं.